पट्टा घसरतोय

फेब्रुवारीत आई इथे शारजाला आली होती, दोन महिन्यांच्या व्हिजिटवर. तेव्हाचा एक प्रसंग आहे, म्हटलं तर काहीच नाही, फार तर दहा सेकंदांचा, पण तो माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी लिहायला बसलोय. जुन्या शारजात समुद्रातल्या कोरल दगडांची घरं आहेत, मधे मोठं अंगण आणि चारी बाजूंनी खोल्या, अगदी आपल्या चौसोपी वाड्यासारखी, तसल्याच एका घराच्या अंगणात संध्याकाळी कार्यक्रम होता. प्रायोगिक संगीत. एक बाई आणि एक तरुण मुलगा, दोघंच. खुर्च्या नव्हत्या. अंगणभर लाकडी लेव्हल, म्हणजे स्टेजचे बुटके चौथरे, टाकलेल्या, त्यांच्या पोटात खालून छोटे कंपन देणारे स्पीकर बसवलेले, आणि लोकांनी चपला बाहेर काढून त्या लाकडावर बसायचं. आईला ते फार आवडलं. "देवळासारखं आहे रे," म्हणाली आणि मांडी घालून, पदर सारखा करून, दोन्ही तळवे लाकडावर टेकवून बसली. तिला डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्यानं थोडंफार. मशीन घेऊन दिलंय, पण ते तिच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं असतं.

मध्यभागी वरून एक पत्रा टांगलेला, माणूसभर उंचीचा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या बाईनं खिशातून पिवळसर, मधासारखा एक खडा काढला आणि तिच्या हातातल्या, व्हायोलिनला असतो तसल्या गजाच्या केसांवर घासायला लागली. आईचे डोळे अजून तिखट आहेत. "राळ आहे ती," आई म्हणाली. मी मान डोलावली. मग त्या बाईनं गज पत्र्याच्या कडेवर टेकवला आणि ओढला. आवाज यायच्या आधी खालचं लाकूड थरथरलं, मांड्यांना जाणवलं, मग तो आवाज आला, खालून वर चढत जाणारा, मधेच अडकणारा, परत सुटणारा. पाचेक मिनिटं तसं चाललं असेल. अंगणात दीडशे माणसं आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. आणि आई, ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं जशी बोलतात तशा खड्या आवाजात म्हणाली, "पट्टा घसरतोय!"

समोरच्या दोन-तीन माना वळल्या. मी तिचा हात धरून लाकडावरून उचलला आणि तिच्या कानाशी जाऊन म्हणालो, "आई, हळू. लोक ऐकतायत."

"मी पण ऐकतेयच की," ती म्हणाली.

नंतर तिनं हात मांडीवर घेतले ते शेवटपर्यंत तिथेच ठेवले.

आमची गिरणी होती, सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या अलीकडे. पिठाची. वडिलांनी ती काढली आणि चालवली आईनं, कारण वडील शेतावर असायचे. दहा हॉर्सपॉवरची मोटर, तिच्यापासून दगडांच्या पेटीपर्यंत गेलेला रुंद पट्टा, आणि खोली इतकी लहान की त्या पट्ट्याच्या बाजूनं जाताना आई आम्हाला हात धरून भिंतीला चिकटून न्यायची. तिचे कान त्या गिरणीनं घेतले, डॉक्टरनं काही वेगळं सांगायची गरज नव्हती. पण त्या आवाजात ती जे ऐकायची ते आम्हाला कुणालाच ऐकू यायचं नाही. गव्हावरून ज्वारीवर गेलं की दगडाचा आवाज बदलतो, तो ती पाठमोरी उभी असताना ओळखायची. दगडांना टाकी लावायची वेळ झाली की दोन दिवस आधी म्हणायची, आता गुळगुळीत बोलायला लागलेत. आणि पट्टा घसरायला लागला की तिला तो आधी पायांना कळायचा. धावत जाऊन मोटर बंद करायची, फळीवरच्या डब्यातून राळ काढायची, पट्ट्याला आतल्या बाजूनं लावायची, परत चालू. राळेचा तो वास, थोडा कापरासारखा थोडा डिंकासारखा, पीठ आणि तापलेल्या पट्ट्याच्या रबराच्या वासात मिसळलेला, माझ्या लहानपणाचा वास तोच आहे.

त्या संध्याकाळनंतर दोन-तीन दिवसांनी, ऑफिसला जाताना, इंडस्ट्रियल एरियातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना मला एकदम लक्षात आलं की आई अक्षरशः बरोबर होती. गज म्हणजे काय करतो? राळेमुळे केस तारेला किंवा पत्र्याला धरतात, ओढतात, ताण फार झाला की सुटतात, परत धरतात. सेकंदाला शेकडो वेळा धरणं आणि सुटणं, त्याचाच स्वर होतो. घसरणारा पट्टा पुलीवर नेमकं हेच करत असतो. अंगणातल्या दीडशे माणसांत आवाज नुसता ऐकून तो कशानं होतोय हे सांगणारी ती एकटीच असेल, आणि मी तिचा हात उचलला.

माझा व्यवसाय लाइट आणि स्टेजचा. पुण्यात असताना प्रायोगिक नाटकांना लाइट करायचो, आता इथे अठरा वर्षं झाली, लग्नं, कंपन्यांचे सोहळे, लाइट टांगायचे मोठमोठे ट्रस, पोट भरतं. पण इथली ही प्रायोगिक संगीत-नाटकांची दुसरी दुनिया मला कामानिमित्तच सापडली आणि मग सुटलीच नाही. आपल्याकडे शारजा म्हटलं की सचिन आठवतो, त्यापलीकडे बहुतेकांना काही माहीत नसतं, आणि अरबी संगीत म्हटलं की इजिप्तची गायिका उम्म कुलसूम, फार तर लेबनॉनची फैरूझ. मलाही तेवढंच माहीत होतं. मग कुणीतरी एक रेकॉर्डिंग ऐकवलं, माझेन करबाज नावाच्या बैरूतच्या माणसाचं. 2006 च्या जुलैची 15 आणि 16 तारखेच्या मधली रात्र, इस्रायलची विमानं बैरूतवर बॉम्ब टाकतायत आणि हा आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून ट्रम्पेट वाजवतोय, समोर रेकॉर्डर चालू. त्यातली साधारण साडेसहा मिनिटं त्यानं लोकांसमोर ठेवली. ट्रम्पेट म्हणून जे आपल्या कानात असतं त्यातलं त्यात काही नाही. नळीतून जाणारी हवा, थुंकीची बुडबुड, ओठांची फुरफूर, इतकं बारीक की कान पुढे न्यावे लागतात. आणि मग बॉम्ब. एक धक्का, त्यापाठोपाठ खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे अलार्म, कुत्री, आणि ते सगळं ओसरत असताना परत ती नळीतली हवा.

मी ते पहिल्यांदा हेडफोनवर ऐकलं, रात्री, बायको-मुलं झोपल्यावर, आणि बॉम्बचा आवाज आला तेव्हा घाबरलो नाही, त्याचीच लाज वाटली. कारण बॉम्बनंतरच्या शांततेत मी ट्रम्पेट कधी येतोय याची वाट बघत होतो. म्हणजे मी त्या बॉम्बला सम समजून बसलो होतो! माणसं मरत होती तिथे. आजही मला त्या रेकॉर्डिंगबद्दल एकच एक असं वाटत नाही. ते थोर आहे असं वाटतं आणि ऐकायला लावू नये कुणाला असंही वाटतं. करबाज 1975 चा, ज्या वर्षी लेबनॉनचं यादवी युद्ध सुरू झालं त्याच वर्षीचा, युद्ध संपलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा. आपल्या वाजवण्यात हेलिकॉप्टर आणि स्फोट लहानपणापासून मुरलेले आहेत हे तो स्वतः बोललेला आहे. मला ते पटतं. आमच्या घरात कुणी गुणगुणायला लागलं तरी त्याच्या खाली गिरणी असायचीच.

त्यानं आणि शरीफ सेहनावीनं मिळून 2000 साली बैरूतमध्ये इर्तिजाल नावाचा महोत्सव सुरू केला, इर्तिजाल म्हणजे ऐनवेळी सुचेल ते करणं, आपण उपज म्हणतो त्याच्या जवळचं. सेहनावी गिटार मांडीवर आडवी घेतो आणि काड्यांनी वाजवतो. करबाज ट्रम्पेटला लांब रबरी नळी लावतो, तोंडावर फुगे, पत्र्याच्या चकत्या ठेवतो. त्यांच्यासोबत राइद यासिन डबल बास घेऊन असतो, तिघांचं मिळून एक त्रिकूट आहे. तिघांच्या हातात अगदी साधी वाद्यं, वीज नाही, मशीन नाही, पण डोळे मिटले तर वाटतं कारखाना चालू आहे. स्टेज म्हणाल तर काही नसतं. तीन खुर्च्या, एक साधा दिवा. लाइट करणाऱ्या माणसाला सुरुवातीला हे झोंबतं, मग हळूहळू कळतं की इथे बघायची गोष्ट म्हणजे हात आहेत. हातावर उजेड पडला पाहिजे, चेहऱ्यावर नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, मी ते बघून शिकलो आणि नंतर इथल्या मंडळाच्या गणपतीत तबल्याच्या कार्यक्रमाला तसा लाइट केला. तबलजीनं नंतर येऊन माझा हात हातात घेतला होता.

स्टेजबद्दल बोलायचं तर मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारे दोन प्रयोग रबीह मरुए या लेबनॉनच्या नाटकवाल्याचे. एक 2012 चा, त्यानं आणि लीना सानेहनं मिळून केलेला. त्यात स्टेजवर माणूसच नाही. एका तरुण कार्यकर्त्यानं जीव दिलाय आणि त्याची खोली आहे, टीव्ही चालू, रेकॉर्ड प्लेअर, फोनवर लोकांचे निरोप येतायत, कॉम्प्युटरवर फेसबुकच्या भिंतीवर लोक लिहीतच सुटलेत. नट नाही, एन्ट्री नाही, एक्झिट नाही. वस्तू बोलतात आणि आपण त्या गेलेल्या माणसाच्या खोलीत चोरासारखे बसून राहतो. दुसरा 2013 चा, त्याच्या सख्ख्या भावाला घेऊन केलेला. भावाचं नाव यासर. 1987 मध्ये, ऐन तारुण्यात, स्नायपरची गोळी त्याच्या डोक्यात लागली, जगला पण शब्द गेले, भाषा परत पहिल्यापासून शिकावी लागली. प्रयोगात तो एका टेबलाशी बसतो. टेबलावर कॅसेट आणि डीव्हीडी. तो एकेक उचलतो, लावतो, आणि त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो, तो स्वतः ऐकत बसतो. मी हे रेकॉर्डिंगवर बघितलंय, प्रत्यक्ष नाही. कॅसेट मशीनमध्ये सरकवतानाचा त्याचा हात, त्याचा तो बेतानं होणारा हलका खटका... मला आईचा पर्समधला रुमाल आठवला.

त्या अंगणातल्या शांततेकडे परत येतो, कारण मला तीच टोचतेय. अरबी संगीतात एक शब्द आहे, तरब. गाणं ऐकताना माणूस जो भारून जातो, डोलायला लागतो, ती अवस्था. आणि तरब एकट्या गाणाऱ्याकडून होत नाही, त्याला ऐकणारे लागतात, जाणकार ऐकणाऱ्यांना तिकडे सम्मीअ म्हणतात, आणि हे सम्मीअ गप्प बसत नाहीत. जागा आली की "अल्लाह!" म्हणून ओरडतात, "या सलाम" म्हणतात, तीच ओळ परत घ्यायला लावतात. उम्म कुलसूमच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये लोकांचा हा गलका भरलेला आहे, एकेक ओळ ती पाच-पाच सहा-सहा वेळा घेते ती त्या गलक्यामुळेच, गाणं तासभर चालतं ते त्यामुळेच. आपल्याकडेही काय वेगळं आहे? बैठकीत दाद दिली नाही तर गाणारा बिथरतो. भजनात तर ऐकणारा आणि गाणारा वेगळे नसतातच. मग या नव्या संगीताला ही चर्चमधली शांतता कुठून आली? ती युरोपातल्या हॉलमधून आली आणि फुगे, पत्रे, नळ्या घेऊन आलेल्या या मुलांच्या डोक्यावर बसली. काही जागी ती हवीच, करबाजच्या नळीतली हवा गलक्यात ऐकू येणार नाही हे मला कळतं. पण गजाखाली पत्रा किंचाळत असताना एका बाईनं "पट्टा घसरतोय" म्हटलं तर ती दाद आहे. मी इतकी वर्षं नाटकांच्या अंधारात काढली, मला दाद ओळखता यायला हवी होती.

हलीम अल-दब नावाचा माणूस कैरोत होऊन गेला, 1921 चा जन्म. शिकला शेतीचं, शेती इंजिनिअर म्हणून खेडोपाडी फिरायचा. 1944 मध्ये त्यानं कैरोच्या रेडिओ स्टेशनकडून एक वायर रेकॉर्डर उसना घेतला. टेप नव्हे, बारीक पोलादी तारेवर आवाज उमटवणारं धूड. ते घेऊन तो झारला गेला. झार म्हणजे अंगातलं वारं शांत करायचा बायकांचा विधी, ढोल, गाणं, घुमणं, आपल्याला समजावून सांगायला नको, आमच्या गावात मंगळवारी देवीपुढे हलगी वाजायला लागली की हेच व्हायचं. पुरुषांनी तिथे जायचं नसतं, तरी तो गेला. रेकॉर्ड केलं आणि स्टेशनच्या स्टुडिओत बसून त्या आवाजाशी खेळायला लागला, घुमणाऱ्या खोलीत वाजवून परत रेकॉर्ड कर, व्होल्टेज कमी-जास्त कर, असं करत त्यानं आवाजातले मूळ स्वर काढून टाकले, शब्द ओळखू येईनासे झाले, आणि आत जे शिल्लक राहतं ते ठेवलं. ते त्यानं कैरोत वायएमसीएच्या गॅलरीत लोकांना ऐकवलं. पॅरिसमध्ये पिएर शेफर या फ्रेंच संगीतकारानं रेकॉर्ड केलेल्या आवाजांचं संगीत 1948 मध्ये केलं आणि पुस्तकांत वर्षानुवर्षं सुरुवात तिथूनच सांगितली गेली. कैरोतला शेतकी इंजिनिअर चार वर्षं आधी तेच करून बसला होता. पुढे तो अमेरिकेत गेला, 1958 मध्ये मार्था ग्रॅहम या अमेरिकन नर्तकीच्या क्लायटेम्नेस्ट्रा या नृत्यनाट्याला त्याचं संगीत होतं आणि नेपथ्य शिल्पकार इसामु नोगुचीचं, 1961 मध्ये गिझाच्या पिरॅमिडसमोरच्या प्रकाश आणि ध्वनीच्या खेळालाही संगीत त्याचंच. 2017 मध्ये गेला, शहाण्णव वर्षांचा होऊन. झारमधल्या त्या कामातली आज ऐकायला मिळतात ती दोनेक मिनिटं. विहिरीच्या तळातून बायका गातायत आणि आपण काठावर वाकून ऐकतोय, असं काहीतरी. शब्द एकही कळत नाही. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आता मला त्यात ओळखीच्या बायका दिसतात.

आणि सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं असेल तर याचं, की जे मी आईला करू दिलं नाही, ते याच शारजात एकानं आधीच करून ठेवलंय. तारेक अतुई, बैरूतचाच, 1980 चा. शारजात अल अमल नावाची बहिऱ्या मुलांची शाळा आहे, अल अमल म्हणजे आशा. तो तिथल्या मुलांबरोबर बसला. ज्याला कानानं ऐकू येत नाही त्याला आवाज कसा कळतो, हातानं, पोटानं, डोळ्यांनी, हे त्यानं त्या मुलांकडून समजून घेतलं आणि त्यातून वाद्यं कशी करता येतील यावर काम सुरू केलं. 2013 च्या शारजा बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या इथल्या कलाप्रदर्शनात, ते लोकांसमोर आलं. मग ते काम वाढत गेलं, 2016 मध्ये नॉर्वेतल्या बर्गनला, बंद पडलेल्या एका जुन्या सार्वजनिक जलतरण तलावाच्या इमारतीत त्यानं ते मांडलं, बहिरे आणि ऐकू येणारे एकत्र वाजवतायत. मला या माणसाचं काम गेली कित्येक वर्षं माहीत आहे. मित्रांना उत्साहानं सांगितलंय मी त्याच्याबद्दल, तासतासभर. आणि त्या अंगणात, खाली स्पीकर बसवलेल्या लेव्हलवर, माझ्या शेजारी एक कानानं अधू बाई तळव्यांनी ऐकत होती आणि मला काय दिसलं, तर समोरच्या तीन वळलेल्या माना.

आई परत गेल्यावर फोनवर हा विषय काढायचा प्रयत्न केला. तिला फोनवर फार कळत नाही, व्हिडिओवर ओठ बघून अंदाज करते, आणि माझं बोलणं लांबलं की "बरं, जेवलास का" वर येते. मग जमलंच नाही.

गणपतीत गावी गेलो. गिरणी दहा वर्षांपूर्वीच बंद केलीय, मोटर भावानं विकली, दगड अंगणात आहेत, वरचा दगड तुळशीपुढे पायरीसारखा टाकलाय, त्याच्यावर पाय ठेवताना मला अजून कसंतरी होतं. खोली आहे, भिंतींवर पिठाचा थर तसाच, ओल धरून पिवळा पडलेला. दुपारी आई तिथे जुने पिंप पुसत बसली होती, गणपतीच्या दिवसांत तिला सगळं घासूनपुसून लागतं. मी तिच्यासमोर बसलो, खिशातून छोटा ब्लूटूथ स्पीकर काढला, पत्र्याच्या रिकाम्या पिंपावर उपडा ठेवला आणि हलीम अल-दबचं झारचं रेकॉर्डिंग लावलं. पिंप घुमायला लागला. मी तिचा हात धरून त्यावर ठेवला. दोन मिनिटं ती तशीच बसली, डोळे कुठेतरी भिंतीवर. संपल्यावर म्हणाली, "बायका आहेत का?" मी हो म्हणालो. "लांब आहेत फार," म्हणाली, आणि हात काढून परत फडकं घेतलं. मग पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, "तिकडे होतं ते लाव की. त्या बाईचं. पत्र्याचं."

माझ्याकडे ते नव्हतं. तिथे रेकॉर्ड करायला मनाई होती, कुणाकडेच ते नसेल. मी तिला ओठ नीट हलवत सांगितलं, नाहीये आई, ते घेतलं नाही कुणी. आणि म्हटलं, मी तेव्हा तुझा हात उचलला, तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही.

"लोक होते ना," ती म्हणाली.

मी विचारलं, कसा घसरत होता पट्टा?

तिनं फडकं खाली ठेवलं. उजवा तळवा तोंडाशी नेऊन त्यावर हलकी फुंकर मारली, वाफेनं ओला केल्यासारखी, आणि पिंपाच्या पत्र्यावर घट्ट दाबून हळूहळू खाली ओढायला लागली. हात अडला, मग सुटला, परत अडला. पहिल्यांदा नुसतं कुईं झालं, तिला ते पसंत पडलं नाही, तिनं मान हलवली, परत फुंकर मारली, परत ओढला, आणि या वेळी पिंपाच्या पोटातून तो खालचा, जाड, अडखळत वर चढणारा आवाज निघाला, अगदी त्या अंगणातला, आणि ती माझ्याकडे बघत, मला ऐकू येतंय ना याची खात्री करत, हात खालपर्यंत नेत राहिली.